साइट बंद पडली? रिस्टार्ट मारायच्या आधी या क्रमाने तपासा

इंदुरात छोट्या धंद्यांच्या, भंवरकुआँच्या कोचिंगवाल्यांच्या आणि आपल्या मराठी मंडळांच्या साइटी सांभाळणारे बरेच जण आहेत, बहुतेक एकटेच काम करतात, आणि साइट पडली की जवळजवळ सगळ्यांचा क्रम तोच असतो. फोन येतो, "भिया, साइट नी चल री", मग असतील तिथून मोबाइलवर होस्टिंगचं पॅनल उघडायचं, रीबूट दाबायचं, साइट आली तर विषय संपला, नाही आली तर शोधून जी पहिली कमांड सापडेल ती टाकायची, मग दुसरी, मग तिसरी. तासाभराने मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला हे कळेनासं होतं. रीबूटने साइट आली तरी कारण जागेवरच असतं, आणि ते नेमकं ऑर्डरच्या गर्दीत परत येतं.

खालचा क्रम उबंटू (लिनक्स), एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) असलेल्या साध्या सर्व्हरसाठी आहे, कारण इथे बहुतेकांकडे तेच असतं. एनजिनएक्सऐवजी अपाची असेल तरी क्रम हाच, फक्त फाइलींची आणि काही कमांडची नावं बदलतात. कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशाच लिहिल्यात, मायनस म्हणजे आडवी रेघ.

## तयारी: साइट चालू असतानाच करून ठेवायची

हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि रात्री अकरा वाजता पासवर्ड शोधत बसतात. प्रत्येक साइटचं एक पान करा, कागदावर करा नाहीतर फोनमध्ये, पण सर्व्हरवर नको कारण सर्व्हरच बंद असेल तर ते पान उघडणार कसं. त्यावर एवढं पाहिजेच: डोमेन कुठून घेतलंय, कधी संपतंय आणि कुणाच्या ईमेलवर आहे, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी नोंद) कुठे सांभाळलं जातं, सर्व्हरचा आयपी (त्याचा आकडी पत्ता), उबंटूचं आणि पीएचपीचं व्हर्जन, साइटचं फोल्डर कुठे, बॅकअप कुठे जातो.

डोमेनचा ईमेल खास बघा. मंडळांच्या साइटींमध्ये हे हमखास होतं, डोमेन सात-आठ वर्षांपूर्वीच्या कार्यवाहांच्या खाजगी ईमेलवर घेतलेलं, कार्यकारिणी दोनदा बदललेली, रिन्यूअलच्या मेल त्या जुन्या खात्यात जातायत आणि तिथे कोणी बघत नाही, मग ऐन गणपतीत साइट गायब. सर्व्हर बिचारा ठणठणीत चालू असतो. ईमेल मंडळाच्या नावाचा करून घ्या, आजच.

दुसरं, होस्टिंगच्या पॅनलमधलं कन्सोल एकदा उघडून बघून ठेवा. एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची नेहमीची सोय, बंद पडली तर आत शिरायचा तोच रस्ता असतो, आणि पुष्कळदा त्याला वेगळा पासवर्ड लागतो जो कोणी कधी सेटच केलेला नसतो.

तिसरं, बॅकअप नुसता आहे असं समजू नका, एकदा दुसरीकडे उघडून बघा. आणि तो त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर पडलेला असेल तर त्याला बॅकअप म्हणू नका.

तपासा: आत्ता कोणी सांगितलं की साइट बंद आहे, तर पाच मिनिटांत डोमेन, डीएनएस, सर्व्हर आणि कन्सोल या चारही ठिकाणी लॉगिन करता येतं का? नसेल तर आधी ते सोडवा.

## १. हात लावायच्या आधी लिहून घ्या

"चालत नाही" याचे दहा अर्थ होतात. फोन करणाऱ्याकडून पहिल्यांदा स्क्रीनशॉट मागा, नुसतं वर्णन नको. मग विचारा: कुठल्या पानावर, सगळ्यांना की फक्त तुम्हाला, मोबाइल डेटावर की वायफायवर, किती वाजल्यापासून.

"काही बदललं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुछ नी किया". म्हणून तसं विचारूच नका. नाव घेऊन विचारा, प्लगइन अपडेट केलं का, नवीन बॅनर चढवला का, डोमेनवाल्यांच्या पॅनलमध्ये कोणी शिरलं होतं का, दुसऱ्या कोणा डेव्हलपरला पासवर्ड दिला का. आणि एक गोष्ट माणसांना विचारून कळतच नाही, उबंटू स्वतःहून सिक्युरिटी अपडेट घालत असतं, त्याची नोंद व्हार-लॉगमधल्या (म्हणजे व्हार स्लॅश लॉग) एपीटी फोल्डरच्या हिस्टरी फाइलमध्ये असते, ती नंतर आत शिरल्यावर जरूर बघा.

वेळ लिहिताना सांभाळा. बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ग्राहक म्हणाला रात्री ८:१५ ला बंद झाली, तर लॉगमध्ये ते १४:४५ ला सापडेल. लोक ८:१५ शोधतात, काही सापडत नाही आणि "लॉगमध्ये काहीच नाहीये" म्हणून पुढे जातात, ही चूक फार होते. सर्व्हरवर टाइमडेटसीटीएल टाकलं की तो कुठल्या वेळेवर आहे ते दिसतं.

सावधान: या टप्प्यावर रीबूट नाही, म्हणजे नाही. कुठली प्रोसेस मेमरी खात होती, कुठली क्वेरी अडकली होती, किती कनेक्शनं लटकली होती, हे सगळं चालू सर्व्हरमध्येच दिसतं, रीबूटनंतर ते गेलं.

## २. बाहेरून बघा, सर्व्हरवर इतक्यात शिरू नका

आधी आपल्या मोबाइल डेटावरून प्रायव्हेट विंडोत उघडा, मग वायफायवरून. दोन्हीकडे वेगळं दिसलं तर बिघाड बहुतेक सर्व्हरच्या आत नाहीये आणि तुमचा एक तास वाचला.

मग लॅपटॉपच्या टर्मिनलवरून कर्ल मायनस कॅपिटल आय आणि पुढे साइटचा पूर्ण पत्ता. ब्राउझर जुनं पान दाखवून फसवतो, कर्ल फसवत नाही. उत्तर चारपैकी एक येईल:

नाव सापडत नाही असं आलं तर टप्पा ३. सर्टिफिकेटची तक्रार आली तर टप्पा ४. ४०४, ५००, ५०२ असा तीन आकडी कोड आला तर वेब सर्व्हर, किंवा त्याच्यापुढे क्लाउडफ्लेअर (सर्व्हर आणि ग्राहक यांच्यामध्ये बसणारी सेवा) असेल तर ते, जिवंत आहे आणि बोलतंय, अडचण त्याच्या मागे आहे. आणि कनेक्शनच झालं नाही तर नीट बघा की "रिफ्यूज्ड" आलंय की "टाइम्ड आउट". रिफ्यूज्ड लगेच येतं, त्याचा अर्थ मशीनपर्यंत पोचलो पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही, म्हणजे बहुतेक एनजिनएक्स बंद आहे. टाइम्ड आउट बराच वेळ लटकून येतं, म्हणजे मशीनच बंद आहे किंवा मध्ये फायरवॉल गुपचूप डेटाची पाकिटं टाकून देतेय. दोन्हीला लोक "सर्व्हर डाउन" म्हणून मोकळे होतात, पण पुढचा रस्ता दोघांचा अगदी वेगळा आहे.

सावधान: पिंगवर निकाल लावू नका. ॲमेझॉनच्या क्लाउडवर पिंग मुद्दाम उघडल्याशिवाय चालत नाही, साइट व्यवस्थित चालू असते तरी पिंग मुका. उलटंही होतं, पिंग येतंय आणि साइट मेलेली.

## ३. नाव आणि पत्ता जुळतोय का

डिग प्लस शॉर्ट आणि डोमेनचं नाव टाका. जो आयपी येईल तो तुमच्या पानावरच्या आयपीशी ताडून बघा. हेच परत ॲट चार वेळा आठ, म्हणजे गुगलच्या डीएनएसला विचारून बघा. काहीच आलं नाही तर हूइजमध्ये डोमेनची तारीख आणि स्टेटस बघा, तिथे होल्ड दिसलं तर बहुतेक पैसे भरायचे राहिलेत नाहीतर ईमेल व्हेरिफाय करायचं राहिलंय.

एक बिघाड इथे नीट सांगतो कारण तो ओळखायला लोकांना फार वेळ लागतो. साइट दुकानाच्या ब्रॉडबँडवर उघडते पण जिओच्या फोनवर उघडत नाही, किंवा फारच हळू उघडते. लोक जिओला दोष देतात, फोन बदलून बघतात. खरं कारण पुष्कळदा असं की डोमेनला दोन पत्ते असतात, ए रेकॉर्ड म्हणजे आयपीव्ही४ आणि क्वाड ए म्हणजे आयपीव्ही६. साइट नव्या सर्व्हरवर नेताना ए बदलला आणि क्वाड ए जुन्याच सर्व्हरचा राहिला. जिओचं नेटवर्क आयपीव्ही६ भरपूर वापरतं, त्यामुळे तो फोन जुन्या, बंद केलेल्या सर्व्हरकडे जातो, आणि ज्यांच्याकडे आयपीव्ही६ नाही त्यांना सगळं ठीक दिसतं. डिगमध्ये क्वाड ए वेगळा मागून बघा. सर्व्हरवर आयपीव्ही६ नसेल तर ते रेकॉर्ड काढून टाका.

क्लाउडफ्लेअर मध्ये असेल तर डिगमध्ये त्यांचा आयपी दिसेल, ते बरोबरच आहे. तेव्हा कोड बघा: ५२१ म्हणजे तुमच्या सर्व्हरने त्यांना नकार दिला, ५२२ म्हणजे त्यांना उत्तरच मिळालं नाही, ५२६ म्हणजे तुमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट त्यांना मान्य नाही. पान सतत स्वतःकडेच वळत राहिलं तर एसएसएल फ्लेक्सिबलवर आहे का बघा, तेव्हा ते तुमच्याकडे साध्या पोर्टने येतात, तुमचा सर्व्हर त्यांना सुरक्षित पोर्टवर ढकलतो आणि हे चक्र संपत नाही.

सावधान: डीएनएस बदललं की थांबा. टीटीएल, म्हणजे उत्तर लक्षात ठेवायची मुदत, जेवढा असेल तेवढा वेळ जुनं उत्तर फिरतच राहणार. "अजून आलं नाही" म्हणून दर दहा मिनिटांनी नवीन काहीतरी बदललंत तर काही तासांनी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी साइट दिसेल आणि कशाचा काय परिणाम झाला हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

## ४. सर्टिफिकेट

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट ते आपोआप वाढवतो, म्हणून लोक विसरून जातात. पूर्वी संपत आलं की त्यांच्याकडून ईमेल यायचा, तो त्यांनी २०२५ च्या जूनपासून बंद केलाय, तेव्हा मेल येईल या भरवशावर बसू नका.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून शेवटची तारीख बघा. मग सर्व्हरवर सर्टबॉट सर्टिफिकेट्स टाकून तिथली तारीख बघा. दोन्ही जुन्या असतील तर रिन्यूअल फसतंय, सर्टबॉट रिन्यू डबल मायनस ड्राय मायनस रन टाका, तो खरं काही न बदलता नुसती तालीम करतो आणि का फसतंय ते सांगतो. बहुतेक वेळा कोणीतरी "सुरक्षेसाठी" पोर्ट ८० बंद केलेलं असतं, आणि तपासणीची नेहमीची पद्धत त्याच पोर्टने होते.

सर्व्हरवर तारीख नवी पण ब्राउझरमध्ये जुनी, असं असेल तर घाबरायचं कारण नाही. एनजिनएक्सने सुरू होताना वाचलेलं जुनं सर्टिफिकेट अजून मेमरीत धरून ठेवलंय. एक रीलोड केलं की झालं.

## ५. आत शिरल्यावर पहिल्यांदा डिस्क आणि मेमरी

लॉगिन झालात की टीमक्स सुरू करा, म्हणजे तुमचं नेट तुटलं तरी चालू काम मध्येच मरणार नाही. मग क्रमाने: अपटाइम, फ्री मायनस एच, डीएफ मायनस एच, डीएफ मायनस आय. चारही उत्तरं कॉपी करून ठेवा.

अपटाइममध्ये सर्व्हर चालू होऊन फक्त वीस मिनिटं झाल्याचं दिसलं आणि तुम्ही रीबूट केलं नसेल, तर तिथेच अर्धं उत्तर आहे. मेमरी संपली होती का ते जर्नलसीटीएल मायनस के मध्ये "आउट ऑफ मेमरी" शोधून कळतं, लिनक्स अशा वेळी एखादी मोठी प्रोसेस स्वतः मारतो आणि आपल्याकडे ती बहुतेक मायएसक्यूएल असते. फ्री कॉलम बघून दचकू नका, अव्हेलेबल कॉलम बघा, लिनक्स रिकामी मेमरी कॅशसाठी वापरत असतो.

डिस्क भरणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्याची लक्षणं फार फसवी असतात. एका नमकीनवाल्यांची साइट दिवाळीच्या आधी अशीच झाली होती. होमपेज मस्त उघडतंय, शेव-मिक्श्चरचे फोटो दिसतायत, पण लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान, कार्टमध्ये टाकलं की कार्ट रिकामं. सगळे पेमेंट गेटवेच्या मागे लागले होते. डीएफमध्ये १०० टक्के. पीएचपीला सेशनची फाइलच लिहिता येत नव्हती, वाचायच्या गोष्टी चालू आणि लिहायच्या सगळ्या बंद. त्यांच्याकडे रोजचा बॅकअप त्याच डिस्कवर पडत होता आणि जुने कोणी काढतच नव्हतं.

जागा कोणी खाल्ली ते डीयू लावून वरच्या फोल्डरपासून खाली उतरत शोधा. नेहमीचे चार आहेत: व्हार-लॉग, जुने बॅकअप, सिस्टमडीचं जर्नल, आणि मायएसक्यूएलच्या बिनलॉग (डेटातल्या बदलांची नोंद) फाइली. मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग मुळातच चालू असतो आणि ३० दिवस ठेवतो, छोट्या डिस्कला ते पुष्कळ झालं.

सावधान: बिनलॉग फाइली आरएमने उडवू नका, मायएसक्यूएलमध्ये शिरून पर्ज बायनरी लॉग्ज कमांडनेच काढा. डेटाच्या फोल्डरमधली दुसरी कुठलीही फाइल "मोठी दिसतेय" म्हणून काढू नका.

अजून एक. मोठी लॉग फाइल आरएमने काढली आणि डीएफ तरीही १०० टक्केच दाखवतंय, असं झालं तर डिस्क खराब नाहीये. ती फाइल एखाद्या चालू प्रोसेसने उघडी धरून ठेवलीय, नाव गेलं पण जागा सुटली नाही. एलएसओएफ प्लस कॅपिटल एल १ टाकलं की कोणी धरलीय ते दिसतं, ती सर्विस रीलोड किंवा रिस्टार्ट केली की जागा सुटते. पुढच्या वेळी चालू लॉग काढायचा नाही, ट्रंकेटने रिकामा करायचा.

आणि डीएफ मायनस एच मध्ये जागा भरपूर, पण तरी "नो स्पेस लेफ्ट" येतंय? मग डीएफ मायनस आय बघा, लाखो बारक्या सेशन किंवा कॅश फाइलींनी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात.

## ६. सर्विस चालू आहे का आणि पोर्ट कोणाकडे आहे

सिस्टमसीटीएल स्टेटस लावून एनजिनएक्स, पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सर्विस) आणि मायएसक्यूएल तिन्ही बघा. हिरवं ॲक्टिव्ह दिसलं म्हणून पुढे पळू नका, किती वेळापासून ॲक्टिव्ह आहे तेही वाचा, दर दोन मिनिटांनी मरून परत उठणारी सर्विस पण हिरवीच दिसते.

मग एसएस मायनस टीएलएनपी. ८० आणि ४४३ वर कोण बसलंय ते नावानिशी कळतं. इथे एक खास प्रकार सापडतो: एनजिनएक्स उठत नाही, एरर ९८, ॲड्रेस आधीच वापरात. आणि ८० वर बसलेला असतो अपाची, जो तुम्ही कधी टाकलाच नव्हता. कोणीतरी एपीटी इन्स्टॉल पीएचपी एवढंच टाकलेलं असतं आणि उबंटूने त्याच्याबरोबर अपाचीही आणलेला असतो. तेव्हा काही झालं नाही कारण एनजिनएक्सने पोर्ट आधीच धरलं होतं. महिन्यांनी रीबूट झाला आणि अपाची आधी उठला. अपाचीला स्टॉप आणि डिसेबल दोन्ही करा, नुसतं स्टॉप केलं तर पुढच्या रीबूटला तो पुन्हा हजर.

सर्व्हरच्या आतून कर्ल लोकलहोस्टला उत्तर येतंय पण बाहेरून टाइम्ड आउट होतंय, तर फायरवॉल. ती दोन ठिकाणी असते, सर्व्हरवर यूएफडब्ल्यू आणि क्लाउडच्या पॅनलमध्ये वेगळी, एक उघडून दुसरी विसरायची सवय सगळ्यांना आहे.

सावधान: यूएफडब्ल्यू चालू करायच्या आधी पोर्ट २२ ची परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

## ७. लॉग वाचा, पूर्ण ओळ वाचा

एरर लॉग टेल मायनस एफ लावून उघडा ठेवा आणि दुसरीकडून साइट उघडा. जी ओळ त्याच क्षणी उमटते ती तुमची, बाकी जुन्या ओळींच्या मागे लागू नका, लॉगमध्ये अशा शंभर तक्रारी असतात ज्या वर्षभर आहेत आणि ज्यांनी काही अडत नाही.

ओळीचं शेपूट महत्त्वाचं. समजा आलं: कनेक्ट फेल्ड, १११, कनेक्शन रिफ्यूज्ड, व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम, आणि पुढे क्लायंटचा आयपी, मागितलेलं पान आणि त्यानंतर अपस्ट्रीमचा पत्ता. लोक "फेल्ड" वाचून एनजिनएक्स रिस्टार्ट करतात. पण ही ओळ सांगतेय की एनजिनएक्स ठीक आहे, तो मागच्या कोणाकडे तरी गेला आणि तिथे नकार मिळाला, आणि कोणाकडे गेला तेही लिहिलंय. रिस्टार्ट करायचंच तर त्या अपस्ट्रीमचं बघा.

कंसातला आकडा हा लिनक्सचा एरर नंबर असतो, एवढे पाठ असले तरी बरंच काम होतं: २ म्हणजे फाइल किंवा सॉकेट (दोन प्रोसेसनी एकमेकांशी बोलायची फाइल) तिथे नाहीच, १३ म्हणजे परवानगी नाही, २४ म्हणजे उघड्या फाइलींची मर्यादा संपली, २८ म्हणजे डिस्क भरली, ९८ म्हणजे पोर्ट आधीच कोणाकडे, ११० म्हणजे वाट बघून थकलो, १११ म्हणजे समोर कोणी ऐकतच नाहीये.

## ८. कोडप्रमाणे रस्ता

५०२. एनजिनएक्सला मागून धड उत्तर मिळालं नाही. लॉगमध्ये आकडा २ असेल आणि सॉकेटचं नाव असेल तर पीएचपी-एफपीएम बंद आहे किंवा पीएचपीचं व्हर्जन बदललंय. उबंटू २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ येतं, २४.०४ मध्ये ८.३, अपग्रेड झालं की सॉकेटचं नाव बदलतं आणि एनजिनएक्सच्या फाइलीत जुनंच राहतं. रन-पीएचपी फोल्डरमध्ये काय आहे ते एलएसने बघा आणि तेच नाव कॉन्फिगमध्ये घाला. आकडा १११ असेल तर मागची सर्विस मेलीय. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर आकडा १३ दिसला तर एसईलिनक्स (लिनक्सचा सुरक्षेचा जादा पहारा) अडवतंय का बघा.

५०४. मागचा जिवंत आहे पण वेळेत उत्तर देत नाही. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतो. लोक ते ३०० करतात आणि सुटलं म्हणतात. नाही सुटलं, आता प्रत्येक अडकलेलं पान पाच मिनिटं जागा अडवून बसेल आणि उरलेल्यांनाही बसवेल. हळू काय आहे ते शोधा, टप्पा ९.

४०३. परवानगी. इथे चमोड ७७७ मारणारे खूप आहेत, कृपा करून करू नका, सर्व्हरवरची कोणतीही प्रोसेस मग तुमच्या फाइलींत काहीही लिहू शकते, आणि एखाद्या प्लगइनमधून शिरलेल्याला आयतं रान मिळतं. फोल्डर ७५५, फाइल ६४४ पुरतं. आणि अडचण बहुतेक वेळा शेवटच्या फाइलीत नसतेच, वरच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये असते. नेमआय मायनस एल आणि पूर्ण पाथ टाका, एकेक पायरीची परवानगी दिसते. साइट होम फोल्डरच्या आत ठेवली असेल तर उबंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम बाहेरच्यांना बंदच असतं. साइट व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये हलवा.

५००. हे बहुतेक तुमच्या कोडमधलं. पीएचपीचा एरर लॉग बघा. वर्डप्रेस असेल तर प्लगइन्स फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, साइट उठली तर नाव परत करा आणि एकेक प्लगइन चालू करत जा.

४१३. फोटो चढत नाहीये. एनजिनएक्सची मर्यादा मुळात १ एमबी आहे, आणि ती वाढवली तरी पीएचपीच्या अपलोडच्या आणि पोस्टच्या मर्यादा वेगळ्या वाढवाव्या लागतात, तिन्ही.

## ९. बंद नाही, पण रडतरखडत चालतेय

रिझल्टच्या दिवशी क्लासची साइट बसते तेव्हा हेच असतं. टॉप उघडा, आधी वरची सीपीयूची ओळ बघा. डब्ल्यूए जास्त असेल तर डिस्कची वाट बघणं चाललंय, एसटी जास्त असेल तर होस्टिंगवाल्याच्या मशीनवर दुसऱ्यांची गर्दी आहे, तुम्ही आत काहीही केलं तरी उपयोग नाही, तिकीट टाका.

पीएचपी-एफपीएमच्या लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रन गाठल्याची ओळ शोधा. उबंटूवर ही मर्यादा मुळात ५ असते, म्हणजे एका वेळी पाचच पानं बनणार, बाकी रांगेत. पण सरळ १०० करू नका. हिशोब करा: २ जीबीच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल आणि बाकी सिस्टमला ८०० एमबी सोडले, एक पीएचपी प्रोसेस साधारण ६० एमबी घेत असेल, तर २० च्या आसपास बसतात. १०० केले की मेमरी संपते, लिनक्स मायएसक्यूएलला मारतो आणि हळू चालणारी साइट पूर्ण बंद पडते.

मायएसक्यूएलमध्ये शो फुल प्रोसेसलिस्ट टाका. एकच क्वेरी दहादहा वेळा, कितीतरी सेकंदांपासून, तर तिला इंडेक्स पाहिजे. "टू मेनी कनेक्शन्स" आलं तर १५१ ची मूळ मर्यादा वाढवायच्या आधी कनेक्शनं अडकली का ते बघा.

आणि ॲक्सेस लॉगमध्ये कुठल्या आयपीवरून किती हिट आहेत ते मोजा. पुष्कळदा विद्यार्थी कमी आणि लॉगिनचं पान ठोकणारे बॉटच जास्त निघतात.

## १०. बदल करायची पद्धत

कॉन्फिग फाइलीची तारीख घालून कॉपी करा, पण साइट्स-एनेबल्डच्या बाहेर ठेवा, तिथे ठेवली तर एनजिनएक्स ती कॉपीही वाचतो आणि नवा घोळ होतो. मग एकच बदल. एनजिनएक्स मायनस टी. ओके आलं तरच रीलोड. मग बाहेरून कर्ल. फरक नाही पडला तर तो बदल मागे घ्या आणि मगच दुसरा करा.

रीलोड आणि रिस्टार्ट सारखे नाहीत. कॉन्फिगमध्ये चूक असताना रीलोड केलं तर एनजिनएक्स नकार देतो आणि जुन्यावरच चालत राहतो. रिस्टार्ट केलं तर आधी बंद होतो, मग चुकीमुळे उठतच नाही, आणि जी साइट अर्धी चालत होती ती पूर्ण जाते.

रीबूट कधी? कर्नल अडकलाय, लॉगिनही होत नाहीये, किंवा कारण सापडून नीट केलंय आणि आता खात्री करायचीय, तेव्हा. लॉगिन होत असेल तर त्याआधी टप्पा ५ ची उत्तरं हातात असली पाहिजेत.

## ११. साइट उठल्यावर लगेच फोन ठेवू नका

होमपेज बघून "हो गया" सांगायचं नाही. लॉगिन करा, एक ऑर्डर किंवा फॉर्म खरोखर भरून बघा, मेल येतो का बघा, मोबाइल डेटावरून बघा, आणि एरर लॉग दहा मिनिटं उघडा ठेवा.

सिस्टमसीटीएल इज मायनस एनेबल्ड लावून तिन्ही सर्विस बूटला उठणार आहेत का बघा. हाताने स्टार्ट केलेली सर्विस आज चालते आणि पुढच्या रीबूटला झोपून राहते. म्हणून गर्दी नसेल अशा वेळी, पहाटे वगैरे, ग्राहकाला आधी सांगून एक रीबूट मुद्दाम करा आणि कशाला हात न लावता साइट आपोआप येते का ते बघा.

डिस्क ८० टक्के झाली की मेसेज येईल अशी सोय लावा, सर्टिफिकेट आणि डोमेनच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका. मग त्या साइटच्या पानावर चार ओळी लिहा: काय दिसत होतं, खरं कारण काय निघालं, कुठल्या फाइलीत काय बदललं, जुनी कॉपी कुठे ठेवलीय.